चीनमध्ये रातकिडे लढवतात ते नेमकं कसं

फाइट बघायला जाल तर वाटेल एवढंच? कधीकधी काही सेकंदात खेळ खल्लास. खरं काम त्याआधीचे काही आठवडे असतं, त्यामुळे तेच आधी सांगतो.

सिझन ऑगस्ट ते ऑक्टोबर. शांघाय, बीजिंगचे शौकीन ऑगस्टमध्येच शांडोंग प्रांतात, खासकरून तिथल्या निंगयांग भागात धाव घेतात, तिथले किडे तगडे असं मानतात आणि गावातले लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात पकडत फिरतात. घेताना आधी शेपटी बघा, दोन काटे असले तर नर, मध्ये तिसरा लांब काटा असला तर मादी. लढतात फक्त नर. मग डोकं मोठं, जबडा रुंद, पाय आणि मिशा शाबूत आहेत ना ते बघायचं, एक मिशी जरी तुटली असली तरी सोडून द्या, विकणारा काहीही सांगो. रंग आणि डोक्यावरच्या रेघांवरून जाती पाडणारे जाणकार असतात, नवख्याने त्या भानगडीत पडू नये.

ठेवायचं मातीच्या भांड्यात, एका भांड्यात एकच, नाहीतर भांड्यातच जुंपेल. जुनी भांडी लोक जास्त पसंत करतात कारण नवीन माती कोरडी आणि उग्र असते. खायला शिजवलेल्या भाताची शितं, इवल्याशा वाटीत पाणी, रोज साफसफाई, आणि ऊन लागू द्यायचं नाही. बाईलू या चिनी पंचांगातल्या दिवसाआधी, म्हणजे सप्टेंबरच्या साधारण 7-8 तारखेआधी लढवू नका, जुने लोक हे फार कडक पाळतात, तोवर किडा नीट पक्का झालेला नसतो. लढतीच्या आदल्या रात्री मादी सोबत सोडतात, त्याने नर जास्त चवताळतो म्हणे.

जोडी लावायची वजनावर, छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर, कारण अख्खा पैलवान एक ग्रॅमचा पण नसतो. मोठ्या सामन्यांत तर काही दिवस आधीच सगळे किडे एका जागी जमा करून घेतात, म्हणजे मालकाला काही चारून चिटिंग करता येऊ नये.

आखाड्यात मध्ये पडदा असतो. दोन्ही बाजूंनी गवताच्या काडीने किंवा उंदराच्या मिशांच्या ब्रशने मिशांना, जबड्याला हलकं गुदगुल्या करायच्या, जबडा उघडला की तयार. पडदा वर. आधी मिशांनी चाचपणी, मग जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी, पळाला तो हरला आणि जिंकलेला पंख घासून ओरडतो. मरेपर्यंत सहसा जात नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही पण तसंच आहे.

हरलेला किडा पुढे बराच वेळ लढायला मागत नाही. त्याला ओंजळीत घेऊन हलवतात, हवेत उडवतात, आणि यात तथ्य आहे बरं का, 2000 साली नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला होता की उडाल्यावर हरलेल्या रातकिड्याची आक्रमकता परत येते. तरी लगेच त्याच गड्यासमोर परत टाकू नका, बाजूला ठेवा.

सोंग राजवटीच्या काळातला (तेरावं शतक) मंत्री जिया सिदाओ यानेही याच्यावर पुस्तक लिहिलेलं म्हणतात, म्हणजे नाद जुनाच. फक्त पैसे लावू नका. किडे लढवणं चालतं पण जुगार चीनमध्ये गुन्हा आहे, पोलिसांच्या धाडी पडतात.