पुशअप्स, रनिंग, बीम: अग्निवीर फिजिकलच्या तीन महिने आधीपासून काय काय करायचं

पहिलं काम म्हणजे नेमकं कुठलं ग्राउंड द्यायचंय ते ठरवा, कारण नाव तिकडे अग्निवीर तर इकडेही अग्निवीर, पण आर्मी, नेव्ही आणि एअरफोर्सची फिजिकल वेगवेगळी आहे आणि पोरं सरसकट सगळंच करत बसतात. आर्मीत पुशअप्स नाहीतच, तिथे मुलांना बीम आहे म्हणजे पुलअप्स, १० काढले की पूर्ण ४० मार्क, १.६ किमी साडेपाच मिनिटांच्या आत आलं की ६० मार्क, आणि ९ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स, म्हणजे नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, यात फक्त पास व्हायचं. नेव्हीत मुलांना तेच अंतर साडेसहा मिनिटांत, सोबत २० उठाबशा, १५ पुशअप्स, १५ सीटअप्स (म्हणजे पाठीवर झोपून उठून बसायचं), मुलींना ८ मिनिटं आणि १५, १०, १०. एअरफोर्समध्ये मुलांना धावायला ७ मिनिटं, मग १० मिनिटांचा ब्रेक, मग एका मिनिटात १० पुशअप्स, नंतर २-२ मिनिटं थांबून १० सीटअप्स आणि २० उठाबशा. हे अलीकडच्या भरत्यांचे आकडे, आणि बदलतात बरं का, नेव्हीने पुशअप्स १२ चे १५ केलेतच, त्यामुळे आपल्या बॅचचं नोटिफिकेशन स्वतः उघडून वाचायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोच्या भरवशावर राहायचं नाही.

आता १० किंवा १५ पुशअप्स म्हणजे काय मोठं, असं सगळ्यांनाच वाटतं. पण ते धावून आल्यावर मारायचेत, दम पूर्ण बसलेला नसतो, आणि समोर उभा असलेला माणूस अर्धवट मारलेले मोजत नाही, सगळी मेख इथेच आहे. म्हणून घरी आकडा वाढवायच्या आधी फॉर्म बघायचा. मोबाईल बाजूला जमिनीवर उभा करून व्हिडिओ काढा. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ पाहिजे, ढुंगण वर नको आणि कंबर लोंबायला नको, कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशात, खाली जाताना छाती जमिनीपासून मूठभर अंतरावर आणि वर आल्यावर हात पूर्ण सरळ. तालमीत जोर मारलेल्या पोरांची इथे गंमत होते, खांदे दणकट असतात पण अंग झोक्यात न्यायची सवय, त्यांना ताठ राहूनच खाली-वर करायला मुद्दाम शिकावं लागतं.

मग फ्रेश असताना एका दमात चांगल्या फॉर्ममध्ये किती होतात ते मोजायचं. समजा ८ झाले, तर रोज ८ वर मरत बसायचं नाही, ४-४ चे पाच सेट मारायचे, मध्ये दीड मिनिट आराम, आठवड्यातून चार दिवस, आणि ते हलकं वाटायला लागलं की प्रत्येक सेटला एक वाढवायचा. दोन आठवड्यांनी परत मोजायचं. एकही नीट होत नसेल तर लाज कसली त्यात, ओट्यावर नाहीतर पायरीवर हात ठेवून सुरू करा, हळूहळू उंची कमी करत जमिनीवर या, आणि शिवाय वरून खाली यायला चार सेकंद लावायचे, नुसतं ते खाली येणंच ताकद वाढवतं. काही अकॅडम्यांमध्ये शिक्षा म्हणून शंभर-शंभर मारायला लावतात, त्याने पोरं फक्त वाकडे पुशअप्स मारायला शिकतात असं माझं स्पष्ट मत आहे. टार्गेट मात्र दुप्पट ठेवायचं, १५ मागितलेत तर घरी ३० यायला हवेत, आणि शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा १.६ किमी टायमिंग लावून धावायचं आणि नोटिफिकेशनमध्ये दिलाय तेवढाच ब्रेक घेऊन लगेच पुशअप्स, सीटअप्स, उठाबशा त्याच क्रमाने. नुसते पुशअप्स वेगळे आणि रनिंग वेगळं करणाऱ्यांचा घोळ तिथेच होतो.

बीमला पण हाच हिशोब, आधी नुसतं लटकायला शिका, मग स्टुलावरून वर जाऊन सावकाश खाली या, झटके देऊन चढायची सवय लावू नका.

रनिंगचं गणित सोपं आहे, ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड, साडेपाच मिनिटांसाठी प्रत्येक राउंड ८२ सेकंदांच्या आसपास, ७ मिनिटांसाठी १०५. रोज १.६ किमी जीव खाऊन धावलं की टायमिंग एका जागी अडकतं आणि नडग्या दुखायला लागतात, त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा त्या टायमिंगने ४००-४०० मीटरचे तुकडे पाडून मारा, एकदा पाच-सहा किलोमीटर निवांत, बोलता येईल इतक्या स्पीडने, आणि डांबरी रोड टाळून मातीचं ग्राउंड धरा. पहिला राउंड जोशात ७० मध्ये मारणारे तिसऱ्यात बसतात.

मेडिकलचं आत्ताच बघून घ्या, तीन महिने घाम गाळून मग फ्लॅट फूट नाहीतर गुडघ्याला गुडघा लागतोय म्हणून बाहेर पडणं लय वाईट. कानातला मळ, दात हे आधी डॉक्टरकडे दाखवलं की सुटतं.

खायला प्रोटीन पावडरच्या डब्यांची गरज नाही, भाकरी, उसळ, अंडी, दूध, केळी, शेंगदाणे-गूळ पुष्कळ झालं. ग्राउंडच्या आधी कुणी इंजेक्शन नाहीतर गोळी देतो म्हणाला तर सरळ उठून निघून यायचं, त्याने टायमिंग राहिलं बाजूला, जीवावर बेततं.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही करायचं नाही, नवीन बूट तर अजिबात नाही. सेट निम्मे करा, शेवटचे दोन दिवस फक्त हलकं जॉगिंग, आदल्या रात्री हॉटेलचं तिखट-तेलकट नको, ॲडमिट कार्ड, ओरिजिनल कागदपत्रं, झेरॉक्स, फोटो एका फाईलमध्ये, आणि रांगेत बरेच तास जातात म्हणून पाण्याची बाटली, दोन केळी जवळ ठेवा.