ब्राउझर सारखा बंद पडतोय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात, नवतपा लागायच्या दोन-तीन दिवस आधी, नंदनवनातली एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. नागपुरात मेडिकल चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम चालतं. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म होता, शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीची. "दादा, फोटो अपलोड करायला गेली की क्रोम बंदच होऊन राहिलं," म्हणाली. चारदा असं झाल्यावर भावाने मदत म्हणून "सगळं साफ" केलं होतं: हिस्ट्री, कुकीज आणि सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा. क्रोम बंद पडायचं थांबलं नाही. उलट आता फॉर्ममध्ये शिरायचा पासवर्डही गेला, आणि नोंदणीला दिलेलं सिम कधीच बंद झालं होतं.

मी पहिल्यांदा सी ड्राइव्ह पाहिला. जागा उरली होती जेमतेम 300 एमबी, आणि लॅपटॉपची रॅम 4 जीबी. रॅम भरली की विंडोज डिस्कचा थोडा भाग रॅमसारखा वापरतं. तिथेही जागा नसली की जो प्रोग्रॅम जास्त मेमरी मागतो तो पडतो, आणि तो बहुतेक वेळा ब्राउझरच असतो. डाउनलोड फोल्डरातले जुने व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतले, टेम्प फाइल्स काढल्या, 12 जीबी मोकळी झाली. फोटो पहिल्याच झटक्यात चढला. पण त्याआधी ईमेलवरून पासवर्ड नवा करण्यात आमचे अडीच तास गेले होते. मूळ बिघाड दहा मिनिटांचा होता.

म्हणून कळकळीने सांगतो, काहीही पुसण्याआधी नेमकं काय बंद पडतंय ते बघा. सगळेच म्हणतात "क्रोम बंद पडतं", पण ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकच टॅब पडून "ऑ, स्नॅप" असा संदेश येतो का? 2008 साली क्रोम आलं तेव्हापासून त्यात टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रॅमसारखे, चालतात, त्यामुळे एक पडला तरी बाकीचे सहसा टिकतात. अशा वेळी दोष बहुधा त्या साइटचा किंवा मेमरीचा असतो. शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातोय ते आकड्यांत दिसतं. दुसरी गोष्ट, अख्खा ब्राउझरच गायब होतो का? मग संशय एक्स्टेन्शनवर (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम), प्रोफाइलवर (तुमचे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा साठा), ग्राफिक्सवर किंवा अँटिव्हायरसवर घ्या. (एकाच कॉम्प्युटरवर दोन अँटिव्हायरस असतील तर एक आजच काढा.) आणि तिसरी, कॉम्प्युटरच बंद होतो का? मग ब्राउझरला हात लावू नका, त्याचा काही दोष नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकणं. लोक दोन-दोन, तीन-तीनदा करतात. पण अनइन्स्टॉल करताना ब्राउझिंग डेटा पुसायची खूण केली नसेल तर तुमचं प्रोफाइल डिस्कवर तसंच राहतं. नवा क्रोम तेच बिघडलेलं प्रोफाइल उचलतो आणि पुन्हा पडतो. त्यापेक्षा वर कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवा आणि त्यात अर्धा तास काम करा. तिथे नीट चाललं तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे हे नक्की. मग बुकमार्क आणि पासवर्ड एक्सपोर्ट करून नव्यात आणा. पासवर्डची ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की लगेच पुसा.

एक्स्टेन्शनची परीक्षा त्याहून सोपी. इन्कॉग्निटो विंडोत एक्स्टेन्शन आपोआप चालत नाहीत, तुम्ही परवानगी दिली असेल तरच चालतात. तिथे ब्राउझर टिकला तर सगळी बंद करून एकेक चालू करत जा. फायरफॉक्समध्ये यासाठी हेल्प मेनूत ट्रबलशूट मोड आहे. मला तरी व्हिडिओ डाउनलोड करणारी आणि कूपन शोधून देणारी एक्स्टेन्शनच जास्त वेळा सापडली.

व्हिडिओ लावला की पडतो, किंवा आधी स्क्रीन लुकलुकते, असं असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली ग्राफिक्स अॅक्सलरेशन बंद करून पाहा. फरक पडला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. फुकटात ड्रायव्हर अपडेट करून देणारं सॉफ्टवेअर टाकू नका.

विंडोज 7 अजून काही घरांत आहे. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम 109 क्रमांकाचं, जानेवारी 2023 चं. नव्या साइट त्यात अडखळतात त्याला इलाज नाही, आणि "विंडोज 7 वर चालणारं नवं क्रोम" म्हणून कुणी फाइल दिली तर घेऊ नका.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं पान अख्खी स्क्रीन व्यापून उघडलं तर तो बिघाड नाही, फसवणूक आहे. फोन करू नका. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला कळवा.

आता आपल्या नागपूरचं दुखणं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि लॅपटॉप गादीवर ठेवून कूलरसमोर काम चालतं. गादीने हवेची जाळी बुजते. कूलरची दमट हवा धूळ घेऊन आत शिरते आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा राखाडी थर बसतो. मी उघडलेल्या एका लॅपटॉपमधून बोटभर जाडीचा नमदा निघाला होता. आधी मशीन मंद होतं, मग व्हिडिओ चालू असताना झटक्यात बंद. त्या घरी तोवर तीनदा क्रोम बदलून झालं होतं. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवा, कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, आणि उन्हाळ्याआधी पंखा साफ करून घ्या.

एवढं करूनही कधी ब्राउझर, कधी एक्सेल, कधी निळी स्क्रीन असं चालू राहिलं तर रॅम तपासा. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधा, रीस्टार्ट होऊन तपासणी आपोआप सुरू होते. दोष दाखवला आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, एक पट्टी बाहेर घ्या आणि एकेकीवर चालवून पाहा. जिच्यावर पडतो ती पट्टी घेऊनच बाजारात जा, म्हणजे त्याच जातीची नवी मिळेल.