जर्नलची सवय तिकडेच ठेवून या

ऑगस्टचा तिसरा आठवडा आला की माझ्या फोनवर अनोळखी नंबर वाजू लागतात. नंबर कुणाच्या मावशीने दिलेला, कुणाच्या आईच्या मैत्रिणीने. पुण्या-नाशिकची होतीच, आता लातूर-अकोल्याचीही मुलं बारावी करून थेट अमेरिकेत बी.एस.ला, म्हणजे विज्ञान-इंजिनिअरिंगच्या पदवीला, येतात. आमचं गाव म्हणजे एक विद्यापीठ आणि चहूकडे मक्याची शेतं. शनिवारी सगळ्यांना पोह्यांना बोलावते. गादी, सिम कार्ड, थंडीचा कोट हे विषय पंधरा मिनिटांत संपतात (कोट इथेच घ्या, तुळशीबागेतल्या स्वेटरचं इथल्या जानेवारीपुढे काही चालत नाही). मग कुणीतरी विचारतंच, "काकू, रिसर्च कधी सुरू करायचा?" मी २००३ साली सांगलीहून आले तेव्हा ताई होते. असो.

पहिलं सेमिस्टर अभ्यासात रुळू द्या. दुसऱ्यापासून विचारायला लागा. पदवीच्या मुलांना लॅबमध्ये घेणं हा इथे उपकार नसतो. एमआयटीने १९६९ साली 'यूरॉप' नावाने ही सोय सुरू केली आणि आज बऱ्याच विद्यापीठांत तसं काही ना काही असतं. त्यामुळे भीड नको. प्रोफेसरांना मेल करताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम अ हार्डवर्किंग स्टुडंट' ही पाटी पुसा. त्यांचा एखादा पेपर काढा, निदान एक आकृती नीट समजून घ्या आणि तिच्याबद्दलचा खरा प्रश्न चार ओळींत विचारा. कोणते विषय झालेत, आठवड्याला किती तास देता येतील, तेही लिहा. आठवडाभर उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. रागावून नाही, मेलच्या ढिगाऱ्यात दबलेलं असतं. आणि लॅबमधल्या पीएचडीच्या मुलांना जाऊन भेटा. तुम्हाला शिकवायचं काम शेवटी त्यांच्याच गळ्यात पडतं, तेव्हा ती हो म्हणाली की निम्मं काम झालं.

आता कडू भाग. एनएसएफचा (संशोधनाला पैसे देणारी इथली सरकारी संस्था) 'आरईयू' नावाचा उन्हाळी रिसर्चचा कार्यक्रम सगळीकडे दिसेल. स्टायपेंड देतो, नावही आहे. पण तो अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या 'सुली' या तशाच कार्यक्रमाचंही तेच. दर वर्षी कुणीतरी रात्री जागून निबंध लिहितं आणि पात्रतेची ओळ शेवटी वाचतं. तुमच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर खरा रस्ता कॅम्पसमधूनच जातो: प्रोफेसरांना संशोधनासाठी मिळालेली ग्रँट, विभागाचे स्वतःचे पैसे, नाहीतर पैशांऐवजी पदवीत मोजलं जाणारं रिसर्चचं क्रेडिट. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) लागतं आणि ते साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्याशिवाय मिळत नाही. 'फुकट करतो की' असं परस्पर ठरवू नका, तेसुद्धा आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. नियम बदलतात. मी सांगितलं म्हणून कुठे सही करू नका.

लॅबमध्ये पाय ठेवताना बंद बूट आणि फुल पँट. सेफ्टी ट्रेनिंग झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. बाकी सगळं शिकता येतं, एक सवय मात्र मोडावी लागते आणि ती मोडताना मला फार जड गेलं.

माझी पहिली उन्हाळी सुट्टी. ॲगारोज जेल (जेलीसारखी वडी, तिच्यातून वीज सोडून डीएनएचे तुकडे वेगळे करतात) चालवत होते. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे, लाल वायरीच्या बाजूला सरकतो. लालला लाल, काळ्याला काळी लावली, पाऊण तासाने डीएनए दिसावा म्हणून यूव्ही प्रकाशाखाली धरली तर जेल कोरी. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. जेल टाकून दिली, वही मिटली, घरी गेले. वहीतही त्या तारखेला काही नाही. पुढच्या आठवड्यात आमच्यातल्या एका मुलाचीही जेल कोरी आली. त्याने तीन दिवस प्रायमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) बदलण्यात घालवले. शेवटी कळलं की जुनी वायर तुटल्यावर कुणीतरी टाकीच्या झाकणाला उलट रंगांच्या वायरी जोडल्या होत्या आणि सगळा डीएनए मागच्या बाजूने जेलभोवतीच्या द्रावणात, बफरमध्ये, निघून जात होता. मला शिकवणाऱ्या मुलीने एवढंच विचारलं, "तुझीही कोरी आली होती ना? मग लिहिलं का नाहीस?"

काय सांगणार? न जमलेलं लिहायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आपण बारावीच्या जर्नलमध्ये लंबकाची रीडिंग 'बसवून' आलेलो. गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.८ यायलाच हवं, म्हणून उत्तरावरून मागे जात ऑब्झर्व्हेशन टेबल भरायचं, सिनियरचं जर्नल समोर ठेवून. बाईंची सही झाली, विषय संपला. इथे असं रीडिंग बसवलंत तर त्याला चोरीइतकंच गंभीर मानतात. वहीत पेनने लिहा, तारीख घाला, चुकलेल्यावर एकच रेघ मारा. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुटलेला नमुना फेकू नका, लेबल लावून ठेवा. न चाललेला कोडही जपा.

पुढचं काय, हा प्रश्न तिसऱ्या वर्षी येतो. नोकरी करायची असेल तर पदवीनंतर १२ महिने ओपीटी (याच व्हिसावर नोकरी करायची परवानगी) आणि विज्ञान-इंजिनिअरिंगला आणखी २४ महिने, हा सध्याचा हिशेब. पीएचडीला इथे बी.एस.नंतर थेट जाता येतं. बरेच अर्ज डिसेंबरात असतात आणि शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. ती देणारी माणसं सप्टेंबरातच गाठा. घरी फोनवर 'पॅकेज किती' असं विचारतील तेव्हा सांगा, या विषयांच्या पीएचडीत बहुतेकदा फी माफ असते, वर स्टायपेंडही मिळतो. माझ्या बाबांना हे पटायला दोन वर्षं लागली. आणि दोन उन्हाळे लॅबमध्ये काढून 'हे आपलं काम नाही' असं वाटलं तर तसं म्हणा, नोकरी धरा. मी असली मुलं पाहिलीत, मजेत आहेत.

येत्या शनिवारी सकाळी १० वाजता या. रिकामा डबा आणा, पोहे नेहमी उरतात.