परदेशात ब्रिटिश पद्धतीची शाळा निवडताय? या चुका टाळा

परदेशी बदली ठरली की व्हिसा, घर, बँक अशी कामं रांगेत उभी राहतात आणि शाळेच्या वाट्याला येतात जेमतेम दोन दुपारी. आमचं तसंच झालं. तीन शाळा बघितल्या, जिथे जागा होती तिथे मुलांना घातलं आणि सुटलो एकदाचे असं म्हणून मोकळे झालो. सुटलो नव्हतो, हे कळायला चार वर्षं लागली. लेकीच्या वेळापत्रकावर सायन्सच्या पुढे एक चार आकडी कोड होता, त्याचा अर्थ तोवर आम्ही कुणाला विचारलाच नव्हता.

त्यानंतर आणखी एक देश झाला, शाळा बदलली, आणि आता नवीन आलेले लोक आम्हाला फोन करून विचारतात. त्यांना मी एकच सांगते: ही शाळा वरून खाली बघायची. मूल नर्सरीत असलं तरी आधी शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिथे कुठल्या बोर्डाच्या, कुठल्या विषयांच्या, कुठल्या पातळीच्या परीक्षा होतात ते विचारायचं, आणि मग उलट येत येत आपल्या मुलाच्या वर्गापर्यंत यायचं. बहुतेक चुका आपण खालून वर बघतो म्हणून होतात.

नावातलं 'ब्रिटिश'

शाळेच्या पाटीवर 'ब्रिटिश' शब्द आहे यावरून फारसं काही कळत नाही. एखादी शाळा इंग्लंडचा नॅशनल करिक्युलम शिकवते, दुसरी केंब्रिज या परीक्षा बोर्डाचा स्वतःचा प्रायमरी आणि लोअर सेकंडरी कार्यक्रम घेते, तिसरी खाली तिसरंच काही शिकवून फक्त वरच्या वर्गांत आयजीसीएसई, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी होणारी बोर्डाची परीक्षा, देते. तिन्ही स्वतःला ब्रिटिश म्हणवतात. 'आम्ही केंब्रिजची नोंदणीकृत शाळा आहोत' याचा अर्थ तिथे केंब्रिजचे कार्यक्रम आणि परीक्षा घेता येतात. शिक्षक टिकतात का, मुलांची सुरक्षितता कशी सांभाळली जाते, हे त्यातून कळत नाही.

ते कळायचं असेल तर 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज', म्हणजे बीएसओ तपासणी झाली आहे का ते विचारा. ही इंग्लंडच्या शिक्षण खात्याची योजना आहे. मान्यताप्राप्त तपासनीस शाळेत येऊन शिकवणं, मुलांचं संरक्षण, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी, इमारत, तक्रारींची पद्धत, व्यवस्थापन असं सगळं बघतात आणि अहवाल जाहीर होतो. तो अहवाल पूर्ण वाचा. पहिल्या पानावरचं कौतुक सगळ्यांच्या अहवालात असतं. मला शेवटच्या शिफारशी जास्त कामाच्या वाटतात, कारण कौतुकात जे राहून गेलं ते तिथे हळूच लिहिलेलं सापडतं. बीएसओ नसलेली प्रत्येक शाळा वाईट असं मी म्हणणार नाही. पण मग 'का नाही?' या प्रश्नाला सरळ उत्तर मिळायला हवं.

इयर १२ म्हणजे बारावी नव्हे

ही चूक शिकलेसवरलेले लोकही करतात. इंग्लंडच्या पद्धतीत ३१ ऑगस्टला पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल इयर १ मध्ये बसतं. त्यामुळे इयरचा आकडा अमेरिकन ग्रेडपेक्षा एकाने पुढे चालतो: इयर ७ म्हणजे साधारण ग्रेड ६. 'एक वर्ष पुढे घेतलं बरं का आमच्या बाळाला' म्हणून खूश होणारे पालक मी पाहिलेत. बाळ होतं तिथेच असतं.

वर गेल्यावर मात्र हे महाग पडतं. इयर ११ च्या शेवटी आयजीसीएसई होते, इयर १२ ला एएस, म्हणजे ए लेव्हलचा पहिला टप्पा, आणि इयर १३ ला पूर्ण ए लेव्हल, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. इयर १२ करून बाहेर पडलेल्या मुलाचं शालेय शिक्षण ब्रिटिश हिशोबाने पुरं झालेलं नसतं, आणि नुसत्या एएसवर पदवीचे दरवाजे सहसा उघडत नाहीत. तुमची नेमणूक नेमकी त्या वर्षी संपणार असेल तर आजच कॅलेंडर काढून बसा.

तारखेचंही बघा. ३० ऑगस्टला जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यांत लहान आणि २ सप्टेंबरचं सगळ्यांत मोठं. लहान वयात हा फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो. ऑगस्टच्या मुलाला शाळेने 'मागे आहे' म्हटलं, तर आधी त्याची तारीख त्यांच्यापुढे ठेवा.

सायन्सचा कोड आणि गणिताची पातळी

आता आमच्या लेकीच्या कोडकडे येते. केंब्रिज आयजीसीएसईमध्ये विज्ञान मुख्यतः तीन तऱ्हांनी घेता येतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हे तीन वेगळे विषय. नाहीतर को-ऑर्डिनेटेड सायन्सेस, कोड ०६५४. यात तिन्ही शास्त्रं मिळून दोन विषयांचं प्रमाणपत्र मिळतं. आणि कंबाइन्ड सायन्स, कोड ०६५३. यातही तिन्ही शास्त्रं आहेत, पण सगळं मिळून एकाच विषयाइतकं. पालकसभेत तिन्हींना 'सायन्स' असंच म्हणतात. आमच्या लेकीकडे ०६५३ होता. तिला पुढे फिजिक्स आणि केमिस्ट्री ए लेव्हलला घ्यायचं होतं, आणि सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे इयर १२-१३ च्या, मॅडमनी वेळापत्रक बघून विचारलं, 'एवढ्यावर कसं करणार?' त्यांचं बरोबर होतं. ज्या वर्गात बाकीच्यांनी फिजिक्स स्वतंत्र केलंय, तिथे एक तृतीयांश विषयाएवढ्या फिजिक्सवर बसायचं म्हणजे पहिली टर्म फक्त धावपळ. उन्हाळ्याची सुट्टी तिने राहिलेले धडे भरून काढण्यात घालवली. शाळेने काही लपवलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

गणिताचंही असंच. केंब्रिजच्या ०५८० मध्ये कोअर आणि एक्स्टेंडेड अशा दोन पातळ्या आहेत. कोअरला बसलेल्या मुलाने पेपर कितीही चांगला लिहिला तरी त्याला सी च्या वर ग्रेड मिळू शकत नाही. पिअर्सन एडेक्सेल या दुसऱ्या बोर्डाकडे याच धर्तीवर फाउंडेशन आणि हायर असतात. फाउंडेशनची कमाल ग्रेड ५. तिथे ९ ते १ अशी अंकांची ग्रेड आहे आणि ९ सगळ्यांत वर, हेही एकदा घरातल्या आजी-आजोबांना समजावून ठेवा, नाहीतर '१ आला' ऐकून पेढे वाटले जातील.

मूल कुठल्या पातळीत आहे हे बऱ्याचदा इयर ९ च्या शेवटी, कुठल्या 'सेट'मध्ये, म्हणजे कुवतीनुसार पाडलेल्या गटात, आहे त्यावरून गुपचूप ठरतं. उपाय सोपा आहे. इयर १० सुरू व्हायच्या आधी शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरकडून प्रत्येक विषयाचं नाव, बोर्ड, कोड आणि पातळी लेखी मागवा. इंग्रजी 'फर्स्ट लँग्वेज' आहे की 'सेकंड लँग्वेज' तेही त्याच यादीत बघा आणि डोक्यात असलेल्या विद्यापीठांना कुठलं चालतं ते ताडून घ्या. वर्ष सुरू झालं असलं तरी सगळं संपत नाही: मे-जूनच्या परीक्षेची नावं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बोर्डाकडे जातात, आणि कोअरमधून एक्स्टेंडेडमध्ये हलवणं तोवर शक्य असतं. मात्र एक्स्टेंडेडचा भाग तोपर्यंत कुणीतरी शिकवलेला असायला हवा.

शंभर टक्के निकाल

'ए लेव्हलला शंभर टक्के ए स्टार ते बी' असा फलक दिसला की माझा पहिला प्रश्न: मुलं किती बसली होती? नऊ मुलांचे शंभर टक्के आणि नव्वदांचे शंभर टक्के यांत फार अंतर आहे. दुसरा प्रश्न: दोन वर्षांपूर्वी इयर ११ मध्ये किती मुलं होती आणि आता इयर १३ मध्ये किती उरली? काही कुटुंबं बदलीमुळे जातात, ते ठीक. पण आयजीसीएसई झाल्यावर कच्च्या मुलांना 'दुसरीकडे बघा' असं सुचवलं जात असेल, तर वरचा निकाल चकचकीत दिसणारच.

सिक्स्थ फॉर्म लहान असेल तर आणखी एक अडचण येते. प्रॉस्पेक्टसमध्ये वीस विषय असतात, पण ज्याला तीनच मुलं मिळतात तो वर्ग भरतच नाही. शिवाय विषय ऑप्शन ब्लॉकमध्ये बसवलेले असतात. इकॉनॉमिक्स आणि केमिस्ट्री एकाच ब्लॉकमध्ये आले की दोन्ही घेता येत नाहीत. म्हणून 'काय शिकवता' न विचारता 'या वर्षी कुठले वर्ग प्रत्यक्ष चालू आहेत आणि ब्लॉक कसे आहेत' असं विचारा. काही शाळा वर ए लेव्हल न देता आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, डिप्लोमा देतात. त्यात वाईट काही नाही, पण तिथे सहा विषय घ्यावे लागतात. ज्याला गणित आणि दोन विज्ञानांपलीकडे काही नको आहे त्याला ते जड जाऊ शकतं.

आणि एक गैरसमज: ब्रिटिश शाळेत शिकलं म्हणून ब्रिटनच्या विद्यापीठात 'होम फी', म्हणजे तिथल्या स्थानिक मुलांची कमी फी, आपोआप लागू होत नाही. ते तुमच्या वास्तव्यावर आणि नागरिकत्व-व्हिसाच्या स्थितीवर ठरतं, शाळेवर नाही.

फेरफटका मारताना

शाळा दाखवायला येणारी व्यक्ती स्विमिंग पूल, थिएटर, रोबोटिक्सची खोली याच क्रमाने नेते. नेऊ द्या. मग एखाद्या इयर ५ च्या वर्गात थांबून विचारा, 'एक वही बघू का?' अनेक ब्रिटिश पद्धतीच्या शाळांत शिक्षक शेरा लिहितात आणि मूल त्याखाली वेगळ्या रंगाच्या शाईत सुधारून लिहितं. मी एका शाळेत गणिताची वही उघडली तर 'अपूर्णांक पुन्हा कर, छेद समान कर' या शेऱ्याखाली हिरव्या शाईत तीन उदाहरणं नीट केलेली होती, चौथं चुकलेलं होतं आणि त्याखाली शिक्षिकेने पुन्हा दोन ओळी लिहिल्या होत्या. दुसऱ्या एका, कितीतरी देखण्या शाळेत वहीतला शेवटचा शेरा सहा आठवड्यांपूर्वीचा होता. त्यानंतरच्या पानांवर बरोबर-चुकीच्या खुणासुद्धा नव्हत्या.

शिक्षकांबद्दल 'सगळे क्वालिफाइड आहेत' हे उत्तर पुरेसं नाही. इंग्लंडचं क्यूटीएस, म्हणजे तिथली अधिकृत शिक्षक-पात्रता, किती जणांकडे आहे, आणि मागच्या जूनमध्ये किती जण सोडून गेले, असं विचारा. परदेशी शाळांत दोन वर्षांचे करार सर्रास असतात, त्यामुळे थोडी ये-जा चालायचीच. एकाच विषयाला वर्षात तीन शिक्षक झाले असतील तर ते वेगळं.

प्रवेशाच्या वेळी बऱ्याच शाळा कॅट४ ही विचारक्षमतेची चाचणी घेतात. तिचे चार भाग असतात: शाब्दिक, संख्यात्मक, अशाब्दिक आणि अवकाशीय, सरासरी १००. इंग्रजी नवीन असलेल्या मुलाचा शाब्दिक भाग पडतो आणि एकूण आकडा त्याच्यासोबत खाली येतो. चारही आकडे वेगवेगळे मागा. अशाब्दिक ११८ आणि शाब्दिक ८६ असेल तर त्या मुलाला भाषेची मदत हवी आहे. त्याला खालच्या सेटमध्ये बसवणं चूक. ही मदत फीमध्ये आहे की वेगळी, हेही तिथेच विचारून घ्या. मुलाला शिकण्यात विशेष साहाय्य लागत असेल आणि इंग्लंडमधला ईएचसी प्लॅन, म्हणजे त्या साहाय्याचा तिथला अधिकृत आराखडा, हातात असेल, तर तो इंग्लंडबाहेरच्या शाळेवर बंधनकारक नसतो. काय देणार ते करारात लिहून घ्या.

फी पत्रकाचं दुसरं पान

पहिल्या पानावर ट्यूशन फी असते. दुसऱ्या पानावर अर्ज, चाचणी, डिपॉझिट, इमारत निधी, बस, गणवेश, सहली, आणि बोर्डाच्या परीक्षांची फी. कंपनी 'शाळेची फी' देते म्हणते तेव्हा ती यांतलं काय देते ते एचआरकडून ओळीओळीने लिहून घ्या.

सगळ्यांत जास्त पैसे जातात ते नोटिशीत. शाळा सोडताना पूर्ण एक टर्म आधी लेखी कळवायचं, नाहीतर त्या टर्मची फी भरायची, असा नियम सर्रास असतो. आमच्या बदलीचं पत्र टर्म सुरू झाल्यावर नवव्या दिवशी आलं. शाळेत धावत गेले तर अकाउंट्सच्या बाईंनी शांतपणे करारावरची माझीच सही दाखवली. एका टर्मची फी आणि डिपॉझिट दोन्ही गेलं. आता नवीन करारावर सही करताना 'नोकरीमुळे देश सोडावा लागल्यास' सवलत मिळेल का असं मी आधी विचारते. एका शाळेने खरंच तसं कलम घालून दिलं.

मधेच बदली आली तर

इयर ९ पर्यंत शाळा बदलणं फारसं जड जात नाही. इयर १० आणि ११ हा दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असल्याने तिथे मात्र जपावं लागतं, आणि काही शाळा आयजीसीएसई इयर ९ मध्येच सुरू करतात हेही लक्षात ठेवा. केंब्रिजकडून एडेक्सेलकडे जाताना विषय तेच दिसतात. साहित्याची नेमलेली पुस्तकं, इतिहासातले कालखंड, कोर्सवर्क बदलतं. इयर ११ मध्ये बोर्ड बदलण्यापेक्षा आई-बाबांपैकी एकाने मे-जूनपर्यंत मागे थांबणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. सगळ्यांना ते जमत नाही, मान्य.

जायचंच असेल तर जुन्या शाळेकडून चार गोष्टी घ्या: विषयांचे कोड, आजवर शिकवून झालेल्या धड्यांची यादी, कोर्सवर्कचे गुण आणि त्याच्या प्रती, आणि शिक्षकांच्या अपेक्षित ग्रेड. धाकट्याच्या वेळी मी हे सगळं एका पानावर आणून नव्या शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरला पाठवलं. दोन दिवसांत उत्तर आलं: पाच विषय जुळतात, इतिहास जुळत नाही, त्याऐवजी भूगोल घेतला तर दोन युनिट भरून काढावी लागतील. ती दोन युनिट त्याने जुन्या घरातल्या खोक्यांवर बसूनच सुरू केली.