स्प्रॉकेटचे दाते बदलून पेट्रोल वाचवायचे असेल तर

स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र; पुढचे गिअरबॉक्सवर असते, मागचे मागच्या चाकावर. मोटारसायकलच्या पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दाते असतील, तर मागचे चाक एकदा फिरताना पुढचा स्प्रॉकेट ३ वेळा फिरतो. पुढे १५ दात्यांचा बसवला की हे प्रमाण २.८ वर येते आणि त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये इंजिनचे फेरे सुमारे ६.७ टक्क्यांनी उतरतात. त्यामुळे इंजिनातील घर्षण घटते. हवेचा रोध मात्र तेवढाच राहतो, म्हणून पेट्रोलही ६.७ टक्के वाचेल असे धरू नये.

लाभ होतो तो मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला. मागे माणूस बसवून खंबाटकीचा घाट चढताना किंवा शहराच्या गर्दीत वारंवार खालचा गिअर टाकावा लागतो, क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो आणि वाचलेले पेट्रोल तिथेच खर्ची पडते. अशा वापरासाठी मूळ दातेच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका वेळी पुढचा एकच दाता वाढवावा. मोठा स्प्रॉकेट चेन ओढून घेतो, त्यामुळे मागचे चाक किंचित पुढे सरकवून चेनचा ढिलेपणा माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि चाक हाताने फिरवून चेन कव्हरला घासत नाही ना, हे पाहावे.

वेगमापकाचा सेन्सर गिअरबॉक्सवर असल्यास प्रत्यक्ष १०० किलोमीटरला नोंद सुमारे ९३.३ होते, म्हणून टाकी पूर्ण भरून मायलेज मोजताना नोंदलेल्या अंतराला १.०७ ने गुणावे.