कायरल क्लस्टर तापवताना या चुका टाळा

"यूव्ही-व्हिज जसाच्या तसा आहे, म्हणजे क्लस्टर स्टेबल." नवीन पोरांच्या तोंडून हे ऐकून कान किटले. क्लस्टर, म्हणजे मोजक्या सोन्याच्या अणूंचा पुंजका, टिकला हे खरं. कायरल, म्हणजे नुसता डावा किंवा नुसता उजवा, राहिला का, ते यूव्ही-व्हिजला (कुठला प्रकाश किती शोषला ते मोजणाऱ्या यंत्राला) विचारून काय उपयोग? डाव्या-उजव्या दोघांचा स्पेक्ट्रम एकच असतो.

गोल्ड-38, म्हणजे 38 सोन्याच्या अणूंचा क्लस्टर, घ्या. 23 अणूंचा गाभा, त्यावर सहा लांब आणि तीन आखूड स्टेपल (सोनं-गंधकाच्या पट्ट्या) पंख्याच्या पात्यांसारखे तिरपे बसलेले. लिगंड, म्हणजे वरून चिकटलेला रेणू, इथे फिनाइलइथेनथायोलेट; तो स्वतः कायरल नाही. कायरॅलिटी येते ती या मांडणीतून. 2012 मध्ये जिनिव्हाच्या गटाने त्याचे दोन एनँशिओमर (डावा आणि उजवा) एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रण वेगळं करणाऱ्या यंत्रावर, वेगळे केले, आणि 40 ते 80 अंश सेल्सिअसमध्येच ते एकमेकांत बदलतात हेही दाखवलं. या बदलाचा ऊर्जेचा अडथळा मोलमागे सुमारे 28 किलोकॅलरी. क्लस्टर न मोडता स्टेपल सरकतात, बस्स.

आमच्याकडच्या एका पोराला चवथीला पेडण्याला जायची घाई. जिवाचं रान करून वेगळं केलेलं एकाच एनँशिओमरचं फ्रॅक्शन त्याने टोल्यूइन या सॉल्व्हंटमध्ये 80 अंशांवर रात्रभर ठेवलं. सकाळी यूव्ही-व्हिजमध्ये 620 नॅनोमीटरच्या आसपासचा उंचवटा जागेवर! वहीत "थर्मली स्टेबल" लिहून स्वारी घरी. परतल्यावर सीडी (डावा-उजवा फरक दाखवणारा स्पेक्ट्रम) घेतला तर जवळजवळ सरळ रेघ. मग दिव्याला दोष, नायट्रोजनला दोष, क्युव्हेट तर तीनतीनदा धुतली. डावे-उजवे निम्मे-निम्मे होऊन एकमेकांचा सिग्नल खोडत होते, एवढंच.

मी रोटाव्हेपरचा (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्राचा) बाथ 30 अंशांच्या वर नेतच नाही, आणि उरलेलं टोल्यूइन नायट्रोजनच्या झोताने उडवते. वेळ लागतो. लागू दे. तापवण्याआधी आणि नंतर सीडी घेतल्याशिवाय "स्टेबल" हा शब्द माझ्यासमोर काढायचा नाही. सॉल्व्हंट उडून कॉन्सन्ट्रेशन बदलतं, म्हणून नुसती सीडीची उंची न बघता जी-फॅक्टर (सीडी भागिले एकूण शोषण) काढा.

टीजीए (तापवताना वजन किती घटतं त्याचा आलेख) दाखवून कायरॅलिटीबद्दल बोलणारे वेगळेच. रॅसिमायझेशनमध्ये, म्हणजे डावे-उजवे निम्मे-निम्मे होताना, वजन घटतच नाही, तर तराजूला कळणार कसं?

गोल्ड-38 चा तापमानाचा आकडा दुसऱ्या क्लस्टरला चिकटवू नका. त्याच लिगंडच्या गोल्ड-40 ला जास्त तापवावं लागतं. उलट गोल्ड-38 मधल्या दोन सोन्याच्या अणूंच्या जागी पॅलेडियम घातलं की पृष्ठभाग आणखी लवचिक होतो आणि कायरॅलिटी लवकर जाते. दोन टोकांनी पकडणारा बायनॅफ्थिल डायथायोल हा लिगंड बसवला, तर मात्र ती जास्त तग धरते.

दोनच तापमानांवरून अडथळा काढू नका. दोन बिंदूंतून रेघ सरळच जाते!

फ्रिजमधली व्हायल जुलैच्या हवेत लगेच उघडू नका, आत पाणी उतरतं.

आणि टोल्यूइनमध्ये 285 नॅनोमीटरच्या खाली दिसलेली शिखरं क्लस्टरची नव्हेत, तिथे टोल्यूइनच प्रकाश शोषतं. ती गाइडकडे नेऊ नका.