बाह्य डिस्क काढताच विंडोज अडल्यास

विश्रामबागेतल्या भाच्याच्या लॅपटॉपला जोडलेल्या बाह्य एसएसडी डिस्कवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली बसवली आणि ती काढताच काळ्या पडद्यावर नुसते ‘ग्रब’ हे लिनक्सच्या बूटलोडरचे नाव उमटू लागले. बाह्य डिस्क निवडूनही इन्स्टॉलर पुष्कळदा बूटलोडर (संगणक सुरू होताना प्रणाली उघडणारा प्रोग्रॅम) आतल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनात, म्हणजे बूटलोडरसाठी राखलेल्या भागात, ठेवतो, त्याच्या उरलेल्या फायली मात्र बाहेर राहतात. विंडोज शाबूतच असते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) असल्यास रिकव्हरी की हाताशी ठेवून यूईएफआय (लॅपटॉपच्या फर्मवेअरच्या) सेटिंगमधील बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणावा. मग डिस्क जोडून, लिनक्स सुरू करून, बाह्य डिस्कवरच फॅट३२ या फाइल-रचनेचे छोटे ईएफआय विभाजन करावे, ते ‘/बूट/ईएफआय’ येथे माउंट करावे (जोडावे) आणि ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा ‘रिमूव्हेबल’ पर्यायासह चालवावी. एफस्टॅब या माउंट-यादीतील ईएफआय विभाजनाचा जुना यूयूआयडी (ओळख क्रमांक) हाही बदलावा; आम्ही नेमके तेच विसरलो होतो.